आई-वडिलांना ‘डिपेंडंट’ दाखवण्याआधी: अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्यासाठी कुटुंब कसे मोजायचे

ग्रीन कार्डवर आई-वडील आले की घरात दोन कामे सुरू होतात. एकाला वाटते, टॅक्समध्ये त्यांना डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेले, दाखवू, थोडे पैसे वाचतील. दुसऱ्याला वाटते, त्यांचे इथे काहीच उत्पन्न नाही, तेव्हा त्यांच्या नावाने वेगळा अर्ज करून स्वस्तात विमा घेऊ. दोन्ही कामे वेगवेगळ्या महिन्यांत, बहुतेक वेळा वेगवेगळी माणसे करतात, आणि दोन्ही कागद एकमेकांना खोटे पाडतात. गेल्या काही नोव्हेंबरांत मी ओळखीच्या कुटुंबांसोबत हे अर्ज भरायला बसलो आहे. चूक जवळजवळ प्रत्येक वेळी हीच असते. विम्याचा अर्ज नोव्हेंबरात भरला जातो, ‘डिपेंडंट’चा निर्णय मात्र पुढच्या एप्रिलपर्यंत कोणी घेतलेला नसतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी टॅक्समधली स्थिती, मग कुटुंबाचा आकार, मग उत्पन्न, आणि शेवटी अर्ज.

## १. कागद आधी टेबलावर आणा

अर्जाला हात लावण्यापूर्वी एवढे जमवा:

- प्रत्येकाच्या ग्रीन कार्डवरची ‘रेसिडेंट सिन्स’ तारीख. मेडिकेडसाठीच्या पाच वर्षांच्या अटीचा (भाग ४) हिशेब तिथूनच सुरू होतो.
- पेन्शनचे पासबुक किंवा बँकेचे स्टेटमेंट.
- प्रत्येक एफडीच्या व्याजाचे प्रमाणपत्र, खाते कोणाच्या नावावर आहे त्यासह.
- भारतातल्या फ्लॅटचे भाडे येत असेल तर त्याच्या नोंदी.
- तुमचा स्वतःचा गेल्या वर्षीचा रिटर्न आणि चालू वर्षाची पे-स्टब (पगाराची पावती).
- स्पॉन्सर म्हणून सही केलेल्या आय-८६४ (आई-वडिलांना सांभाळण्याचे हमीपत्र) ची प्रत.

इथे एक गोष्ट फार जण चुकवतात. भारतातले फॉर्म १६ आणि २६एएस एप्रिल ते मार्चचे असतात, अमेरिकेचे टॅक्स वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर असते. आकडे जसेच्या तसे उचलू नका. पासबुक उघडा आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतच्या बारा नोंदी वेगळ्या लिहून काढा. क्युम्युलेटिव्ह एफडीचे व्याज हातात पाच वर्षांनी येत असले तरी इथे ते दरवर्षी धरले जाते.

थांबा, तपासा: ‘भारतात टॅक्स भरला आहे, म्हणून इथे दाखवायचे नाही’ असे कोणी म्हणाले असेल तर ते चूक आहे. ग्रीन कार्डधारकाचे जगभरातले उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये येते. भारतात भरलेल्या टॅक्सची वजावट हा वेगळा विषय आहे. एनआरई खात्याचे व्याज भारतात करमुक्त असते, अमेरिकेत नसते.

## २. ते खरोखर डिपेंडंट होतात का, हे ठरवा

‘आम्ही त्यांना सांभाळतो’ एवढे पुरत नाही. आई-वडिलांसाठी या कसोट्या लागतात:

राहण्याची स्थिती. त्या वर्षात काही काळ तरी ते अमेरिकेचे नागरिक किंवा टॅक्सच्या दृष्टीने रहिवासी हवेत. कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांना सवलत आहे, भारताच्या नाही. पुण्यात किंवा साताऱ्यात राहणाऱ्या आईला दरमहा कितीही पैसे पाठवले तरी तिला डिपेंडंट दाखवता येत नाही. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की वेगळे सांगावेसे वाटते: पाठवलेल्या पैशांच्या पावत्या इथे कामाच्या नाहीत.

उत्पन्न. प्रत्येकाचे स्वतःचे करपात्र एकूण उत्पन्न २०२५ सालासाठी ५,२०० डॉलरपेक्षा कमी हवे. ही मर्यादा दरवर्षी बदलते. ती दोघांसाठी मिळून नसते, माणशी असते.

खर्च. वर्षभरात त्यांच्यावर झालेल्या एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग तुम्ही उचललेला हवा. घराचा वाटा, जेवण, औषधे, विम्याचा हप्ता हे सगळे धरा. ते सप्टेंबरात आले असतील तर जानेवारी ते ऑगस्टचा गावाकडचा खर्चही याच हिशेबात येतो, आणि तो बहुधा त्यांच्याच पेन्शनमधून झालेला असतो.

भाऊ-बहीण मिळून सांभाळत असाल तर दोघांनी दाखवता येत नाही. कोणा एकाचाच वाटा निम्म्याहून जास्त नसेल, तर दहा टक्क्यांहून अधिक वाटा असणाऱ्यांनी आपसात ठरवून फॉर्म २१२० भरायचा असतो आणि एकानेच नाव लावायचे असते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय ६३, पेन्शन महिना ३५,००० रुपये. आईचे वय ६०, तिने नोकरी केलेली नाही. एफडीचे व्याज वर्षाला १,२०,००० रुपये. डॉलरचा ढोबळ दर ८५ रुपये धरला तर पेन्शन होते ४,९४१ डॉलर आणि व्याज १,४१२ डॉलर.

एफडी वडिलांची असेल तर त्यांचे उत्पन्न ६,३५३ डॉलर होते, म्हणजे ते डिपेंडंट होत नाहीत. एफडी आईच्या पैशांची असेल, समजा तिला माहेरच्या जमिनीचा वाटा मिळालेला असेल, तर वडील ४,९४१ वर आणि आई १,४१२ वर राहते. मग दोघेही डिपेंडंट होऊ शकतात. एका एफडीच्या सव्वा लाखाच्या आतल्या व्याजाने सगळा हिशेब फिरतो.

सावधान: मर्यादेत बसावे म्हणून एफडी या नावावरून त्या नावावर हलवू नका. पैसा मुळात कोणाचा होता हे पाहतात, पासबुकावर पहिले नाव कोणाचे आहे हे नाही.

## ३. नवरा-बायकोतले एकच डिपेंडंट होत असेल तर इथेच थांबा

वरच्या उदाहरणात एफडी वडिलांची निघाली, तर आई डिपेंडंट होते आणि वडील होत नाहीत. टॅक्स भरणारे बरेच जण इथे सरळ आईचे नाव लावून पुढे जातात. त्याचा फटका वडिलांच्या विम्याला बसतो.

कारण असे. आई तुमची डिपेंडंट असेल तर वडिलांसोबत तिला जॉइंट (नवरा-बायकोचा एकत्र) रिटर्न भरता येत नाही. फक्त कापलेला टॅक्स परत मिळवण्यापुरता भरला तर गोष्ट वेगळी. वडिलांना मग ‘मॅरिड फायलिंग सेपरेटली’, म्हणजे लग्न झालेले असून वेगळा रिटर्न, भरावे लागते. आणि असा रिटर्न भरणाऱ्याला मार्केटप्लेसची, म्हणजे सरकारी साइटवरून घेतलेल्या खासगी विम्याच्या हप्त्यासाठीची, सबसिडी मिळत नाही. छळ किंवा जोडीदाराने सोडून जाणे एवढाच त्याला अपवाद आहे. आईला दाखवून तुमच्या टॅक्समध्ये वाचतात जास्तीत जास्त ५०० डॉलर. वडिलांची जाणारी सबसिडी महिन्यालाच त्याहून मोठी असू शकते.

दोघेही दाखवता येत असतील तर दोघांना दाखवा, नाहीतर दोघांनाही त्यांचा जॉइंट रिटर्न भरू द्या. एकाला इकडे आणि एकाला तिकडे ठेवण्याआधी आकडे मांडून बघा.

## ४. मेडिकेडसाठी प्रत्येक माणसाचे कुटुंब वेगळे काढा

मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा. त्याला राज्याराज्यांत वेगळी नावे आहेत: न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर, कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ. कुटुंब मोजण्याची पद्धत ६५ च्या आतल्यांसाठी साधारण एकच आहे, आणि ती रेशनकार्डासारखी ‘एका घरात किती माणसे’ अशी नाही. त्याच घरातल्या आजीचे कुटुंब दोघांचे असू शकते आणि नातीचे सहा जणांचे. म्हणून कोऱ्या कागदावर प्रत्येकाचे नाव लिहा आणि त्यासमोर हे प्रश्न क्रमाने सोडवा.

*स्वतः रिटर्न भरतो आणि कोणाचा डिपेंडंट नाही?* त्याचे कुटुंब म्हणजे तो, सोबत राहणारा जोडीदार आणि त्याने दाखवलेले सगळे डिपेंडंट.

*कोणाचा तरी डिपेंडंट आहे?* मग ज्याने दाखवले त्याचे जे कुटुंब, तेच याचे. पण तीन अपवाद आहेत. दाखवणारा माणूस आई-वडील किंवा जोडीदार यांच्यापैकी नसेल. १९ च्या आतले मूल जॉइंट रिटर्न न भरणाऱ्या दोन्ही पालकांसोबत राहत असेल. किंवा १९ च्या आतल्या मुलाला सोबत न राहणाऱ्या पालकाने दाखवले असेल. या तिन्हींत पुढचा नियम लावायचा.

*रिटर्न भरत नाही आणि कोणाचा डिपेंडंटही नाही, किंवा वरचा अपवाद लागू आहे?* तो स्वतः, सोबत राहणारा जोडीदार आणि सोबत राहणारी १९ च्या आतली मुले. तो स्वतःच १९ च्या आतला असेल तर सोबत राहणारे आई-वडील आणि तशीच लहान भावंडेही.

आता पहिला अपवाद पुन्हा वाचा. मुलाने आईला डिपेंडंट दाखवले, तर मुलगा हा तिचा पालकही नाही आणि जोडीदारही नाही. म्हणजे मेडिकेडसाठी आईचे कुटुंब ती आणि वडील एवढेच. मुलाचा पगार त्यात येत नाही. ‘डिपेंडंट दाखवले, आता माझ्या पगारामुळे आईला मेडिकेड मिळणार नाही’ ही भीती या नियमापुरती चुकीची आहे.

उलट बाजूने मात्र आजी-आजोबा नातवंडांच्या कुटुंबात मोजले जातात. मुलगा, सून, दोन मुले आणि डिपेंडंट आजी-आजोबा असे नातवंडांचे कुटुंब सहा जणांचे होते. न्यू जर्सीत मुलांना गरिबीरेषेच्या (केंद्र सरकारने कुटुंबाच्या आकारानुसार ठरवलेल्या उत्पन्नाच्या रेषेच्या) ३५५ टक्क्यांपर्यंत फॅमिलीकेअर मिळू शकते. २०२५ च्या आकड्यांनी ही मर्यादा चार जणांना साधारण १,१४,००० डॉलर होते आणि सहा जणांना १,५३,०००. ज्यांच्या मुलांना दुसरा विमा नाही अशांना हा फरक मोठा आहे, आणि तो कोणी सांगत नाही.

तीन अडथळे, आई-वडिलांचा मेडिकेडचा अर्ज करण्याआधी:

पहिला, पाच वर्षे. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षे मोठ्या माणसांना केंद्राच्या नियमांनी मेडिकेड मिळत नाही. मुले आणि गरोदर स्त्रिया यांना बऱ्याच राज्यांनी ही अट माफ केली आहे.

दुसरा, स्पॉन्सर. आय-८६४ वर तुमची सही आहे. त्या नात्याने तुमचे उत्पन्न आई-वडिलांच्या अर्जात जोडले जाऊ शकते, ते नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाह्या पूर्ण होईपर्यंत. डिपेंडंटच्या नियमाने वगळलेला तुमचा पगार असा दुसऱ्या दाराने परत येतो.

तिसरा, राज्य. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया यांच्यासह काही राज्यांनी मेडिकेडचा विस्तार केलेला नाही. तिथे ६५ च्या आतल्या, लहान मुले आणि अपंगत्व नसलेल्या माणसाला उत्पन्न कितीही कमी असले तरी ते साधारणपणे मिळत नाही.

वय ६५ पूर्ण झाले की वरची मोजणी बहुतेक वेळा लागूच होत नाही. तिथे टॅक्समधले डिपेंडंट असणे गौण ठरते आणि बहुतेक राज्ये मालमत्ता विचारतात. भारतातल्या एफडीही त्यात आल्या.

## ५. मार्केटप्लेससाठी कुटुंब पुन्हा मोजा, या वेळी रिटर्नप्रमाणे

इथे अपवाद नाहीत. रिटर्नवर जी नावे, तेच कुटुंब. आई-वडील तुमचे डिपेंडंट असतील तर त्यांची सबसिडी तुमच्या उत्पन्नावर ठरते आणि ती तुमच्याच रिटर्नवर येते. आईने स्वतः वेगळी मागायची सोय नाही.

पाच वर्षे पूर्ण न झालेल्या ग्रीन कार्डधारकांसाठी २०२६ पासून नियम बदलला आहे. पूर्वी ज्यांना इमिग्रेशनच्या स्थितीमुळे मेडिकेड मिळत नव्हते, त्यांना उत्पन्न गरिबीरेषेच्या खाली असले तरी सबसिडी मिळायची. म्हणून ‘आई-वडिलांना दाखवू नका, त्यांचा वेगळा अर्ज करा’ हा सल्ला तेव्हा बरोबर होता. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ही सवलत २०२६ च्या सुरुवातीपासून काढून घेतली. जुन्या ओळखीच्या माणसाने दिलेला सल्ला आज तसाच वापरलात तर सबसिडी शून्यावर येते.

आपल्याच उदाहरणावर बघा. २०२६ च्या विम्यासाठी २०२५ ची गरिबीरेषा वापरतात: एकाला १५,६५० डॉलर, पुढे माणशी ५,५०० वाढवत न्यायचे. दोघांसाठी २१,१५०.

*आई-वडिलांचा स्वतंत्र जॉइंट रिटर्न.* उत्पन्न ६,३५३. रेषेच्या बरेच खाली, म्हणून सबसिडी नाही. वडिलांनी दुकानात अर्धवेळ काम धरले आणि त्यातून वर्षाला १६,००० मिळाले, तर एकूण २२,३५३ होते आणि ते रेषेच्या वर जातात. मग त्यांनी भरायचा वाटा उत्पन्नाच्या २.१ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ४६९ डॉलर. बेंचमार्क प्लॅनचा (सबसिडी मोजायला आधार धरलेल्या प्लॅनचा) उरलेला हप्ता सबसिडीतून जातो. हे उत्पन्न खरे आणि कागदावर दाखवता येणारे हवे. अंदाजाने फुगवलेला आकडा हा खोटा अर्ज असतो.

*दोघे मुलाचे डिपेंडंट, एफडी आईची.* मुलाचे आणि सुनेचे मिळून उत्पन्न १,५०,०००. कुटुंब सहा जणांचे. सबसिडी गरिबीरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंतच मिळते, आणि सहा जणांना ही मर्यादा १,७२,६००. डिपेंडंटचे उत्पन्न त्याला स्वतः रिटर्न भरणे बंधनकारक असेल तरच जोडतात. ६५ च्या आतल्या डिपेंडंटला २०२५ मध्ये व्याज-पेन्शनसारखे उत्पन्न १,३५० च्या वर गेले की रिटर्न भरावा लागतो. आईचे १,४१२ आणि वडिलांचे ४,९४१ दोन्ही वर जातात, म्हणून दोन्ही जोडायचे. एकूण १,५६,३५३. मर्यादेच्या आत आहे.

तरी सबसिडी मिळेलच असे नाही. ३०० ते ४०० टक्क्यांमध्ये २०२६ साठी तुमचा वाटा ९.९६ टक्के धरतात, म्हणजे इथे १५,५७३ डॉलर. दोघांच्या बेंचमार्क प्लॅनचा वर्षाचा हप्ता समजा २४,००० असेल तर सबसिडी ८,४२७. हप्ता १५,००० असेल तर शून्य. आपल्या काउंटीतला हप्ता साइटवर पाहूनच निर्णय घ्या.

सावधान: ४०० टक्क्यांच्या वर एक डॉलर गेला तरी २०२६ ची सगळी सबसिडी जाते. डिसेंबरात व्हेस्ट होणारे (तुमच्या नावावर होणारे) आरएसयू म्हणजे कंपनीने दिलेले शेअर, बोनस, विकलेले शेअर हे आधी लिहून ठेवा. नेहमीच्या ४०१(के) या निवृत्ती खात्यात टाकलेले पैसे या उत्पन्नातून वजा होतात, त्याच्या रॉथ प्रकारात (टॅक्स भरून मग टाकायच्या) टाकलेले होत नाहीत.

## ६. कॉलेजातली मुले: दोन गैरसमज

एक. २६ वर्षांपर्यंत पालकांच्या कंपनीच्या विम्यावर राहायला मुलाने डिपेंडंट असावेच लागत नाही. नोकरी लागली, वेगळा राहिला, लग्न झाले, तरी राहता येते.

दोन. ‘यंदा त्याला दाखवतच नाही, म्हणजे त्याला स्वतःची सबसिडी मिळेल.’ नाही मिळत. सबसिडीच्या नियमात तुम्ही दाखवले का हे नव्हे, तर दाखवू शकत होता का हे पाहतात. २४ च्या आतला पूर्णवेळ विद्यार्थी, ज्याचा निम्मा खर्च तो स्वतः उचलत नाही, तो बहुधा तुमचा डिपेंडंटच असतो. मेडिकेडमध्ये मात्र प्रत्यक्ष दाखवणार आहात का, हा प्रश्न असतो.

## ७. अर्ज भरा, याच क्रमाने

१. आपल्या राज्याची साइट उघडा. न्यू जर्सीला गेट कव्हर्ड एनजे, कॅलिफोर्नियाला कव्हर्ड कॅलिफोर्निया, टेक्साससारख्या राज्यांना हेल्थकेअर डॉट गव्ह. नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते. आई-वडील नुकतेच आले असतील तर त्यासाठी थांबू नका. आल्यापासून ६० दिवसांची खास मुदत असते, आणि ती विमानाच्या थकव्यात आणि पाहुणचारात कशी निघून जाते ते कळत नाही.

२. आई-वडील डिपेंडंट असतील तर अर्ज तुमच्या नावाने सुरू करा. रिटर्नवरची सगळी नावे टाका आणि विमा कोणाला हवा ते वेगळे नोंदवा. वडिलांच्या नावाने अर्ज करून उत्पन्न ‘शून्य’ टाकणे ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

३. ‘कोण कोणाला डिपेंडंट दाखवणार’ हा प्रश्न ज्या वर्षाचा विमा घेता त्याच वर्षाच्या रिटर्नचा आहे, गेल्या वर्षीच्या नाही.

४. मेडिकेडला चालू महिन्याचे उत्पन्न लागते, मार्केटप्लेसला वर्षाचा अंदाज. दोन्ही रकान्यांत एकच आकडा बसवू नका.

५. ग्रीन कार्डचा क्रमांक आणि तारीख कार्ड हातात घेऊन भरा, आठवणीतून नाही.

तपासा: शेवटच्या पानावर कुटुंबाचा आकार आणि उत्पन्न दिसते. दोन्ही आकडे तुमच्या कागदाशी जुळत नसतील तर सबमिट करू नका.

## ८. वर्षभर बदल कळवा, आणि फॉर्म येईपर्यंत थांबा

वडिलांनी काम सोडले, आई सहा महिन्यांसाठी गावी गेली, बहिणीने यंदा त्यांना दाखवायचे ठरवले, यातले काहीही झाले की लगेच साइटवर कळवा. हा विमा भारतातल्या दवाखान्यात चालत नाही. दीर्घ मुक्कामाचा आणखी एक परिणाम आहे: ६५ नंतर मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) विकत घ्यायला अर्जाच्या आधीची सलग पाच वर्षे इथे वास्तव्य लागते. इथे पुरेशी वर्षे काम न केलेल्यांना २०२५ मध्ये त्याच्या पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) चा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर होता आणि पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) चा १८५.

आगाऊ मिळालेली जास्तीची सबसिडी परत करताना पूर्वी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वरची मर्यादा होती. २०२६ च्या टॅक्स वर्षापासून ती नाही. जास्त गेलेले सगळे परत भरायचे असते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत फॉर्म १०९५-ए, म्हणजे मार्केटप्लेसकडून येणारा वर्षभराच्या हप्त्याचा आणि सबसिडीचा तपशील, यायला हवा. त्यातली नावे रिटर्नवरच्या नावांशी ताडून पाहा, मग सबसिडीचा शेवटचा हिशेब करणारा फॉर्म ८९६२ भरा. १०९५-ए हातात नसताना ओळखीचा टॅक्सवाला ‘भरून टाकू, नंतर दुरुस्त करू’ म्हणाला तरी त्याला थांबवा.